मकरपुरा

नमुना नातेवाइकांनीच लॅबपर्यंत आणायचा,
आमच्याकडे तशीच पद्धत आहे.
बाटलीतला द्राव काळपट, तपकिरी,
उजेडात धरला की आत कण चमकतात.
कोलेस्टेरॉलचे स्फटिक, मी नोंदवहीत लिहिते.
रेवाचे वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर असतात.
म्हणाले, "हे तर मशीनचं तेल, मॅडम.
वेळेवर बदललं नाही की असं होतं."
आणि मग आपल्याच वाक्याकडे
बघत राहिले.

रेवा शिर्के, वय नऊ.
बाजूने आलेला चेंडू तिला दिसत नाही.
रात्रीत तीनदा उठून माठाशी जाते.
दोन वर्षांत फ्रॉक आखूड झाला नाही,
घरच्यांना वाटलं, कापड चांगलं निघालं.

भिंगाखाली
कडेच्या पेशी खांद्याला खांदा लावून,
आत चांदण्यांसारखं सैल जाळं.
ही ठेवण मला ठाऊक आहे, दाताच्या कळीत असते.
गर्भात तोंड घडत होतं तेव्हा
चार पेशी वरच राहून गेल्या,
मेंदूच्या तळाशी,
आणि तिथे बसून इतकी वर्षं
दात करत राहिल्या.
चुन्याचे खडे सापडले. चावायला काही नव्हतं,
डोळ्यांच्या नसा तेवढ्या जवळ होत्या.

दुसऱ्या दिवशी भक्षक पेशींचा रंग लावला
तर अख्खी गल्ली तपकिरी!
एवढ्या जणी होत्या इथे.
पोटात चरबीचा फेस भरलेल्या,
स्फटिकाभोवती एकमेकींत मिसळून
अगडबंब झालेल्या.
मागे टी-पेशींचा घोळका,
हत्यार कमरेला, हात बांधलेले.

पुराच्या वर्षी आमच्या पार्किंगमध्ये
विश्वामित्रीतली मगर आली होती.
स्कूटरखाली नुसती पडून होती ती.
माणसंच दोनशे.
टॉर्च, काठ्या, मोबाइल, कुणाच्या हातात अर्धी वीट.
तिने जबडा उघडला तो त्या गलक्याने.
मग संस्थेची पोरं आली,
आधी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं,
मग आमच्याकडे वळून ओरडली,
"बधा चूप!"

इथेही असंच काहीसं असावं.
राखायला आलेल्या पेशी हाकारे घालतात,
त्या हाकाऱ्यांनी शेजारचा मेंदू सुजतो,
आणि गाठ बहुधा
त्या कालव्यावरच पोसली जाते.
बहुधा म्हणते, कारण खात्री कुणालाच नाही.
कुठेतरी एका औषधाची चाचणी चालू आहे म्हणे.
ते गाठीला हात लावत नाही,
गलका तेवढा कमी करतं.
ओलं पोतं.

रिपोर्टात मगरीला जागा नसते.
लिहिते : सौम्य. श्रेणी एक.

आई मांडवीवरून पेढे घेऊन आली.
"सौम्य म्हणजे साधीच ना?"
सौम्य म्हणजे ती कुठे जाणार नाही, बाई,
फुप्फुसात नाही, यकृतात नाही.
तिथेच राहील.
काढली तरी एखादा कोपरा धरून राहील.
यातलं मी निम्मं सांगितलं,
उरलेलं सर्जन सांगतील म्हटलं,
आणि पेढा घेतला.

टाके निघाल्यावर रेवा स्वतः आली.
डोक्याला मावशीचा रुमाल,
मुठीत कागदाची पुडी.
मी डावीकडे बसले होते, ती मला शोधत होती.
खुर्ची उचलून तिच्या समोर गेले.

पुडीत दुधाची दाढ.
"आज पडली. ही पण तपासायची का?"

कागदाला थोडं रक्त लागलं होतं.
ताजं, लाल, साधं.